कमी पडलेले दीड सेंटीमीटर

धुळ्यातील एका भरती अकॅडमीत राहून पोलीस शिपाई भरतीची तयारी करणाऱ्या, मूळच्या चोपडा तालुक्यातील वीस वर्षांच्या एका तरुणाचे पत्र आले आहे. पत्र मोठे असल्यामुळे त्यातील मुख्य भाग येथे देते.

‘मॅडम, माझी उंची १६३.५ सेंटीमीटर भरते आणि भरतीला १६५ लागते. बारावीत असतानाही एवढीच होती. दीड वर्षापासून पहाटे साडेतीनला उठून बारला लटकतो, मग ग्राऊंडला जातो. पावडरी आणि गोळ्यांवर आतापर्यंत चौदा हजार रुपये गेले. ते पैसे वडिलांनी मेससाठी पाठवलेले होते. वडील ५ फूट ३ इंच आहेत, आई ४ फूट ११ इंच. रूममेट म्हणतो की उंचीची इंजेक्शने मिळतात आणि ऑपरेशनही होते. कधी मोजल्यावर १६४च्या वर भरते, कधी १६३ला येते, त्यामुळे आशा सुटत नाही. पोरे गिड्डा म्हणून हाक मारतात. आखाजीलाही (अक्षय्य तृतीयेलाही) घरी गेलो नाही. लहान बहीण बारा वर्षांची आहे, तिलाही पोलीस व्हायचे आहे आणि तीसुद्धा वर्गात सगळ्यात पुढे उभी राहते. एका वर्षात माझी दीड सेंटीमीटर उंची वाढेल का, एवढे स्पष्ट सांगा.’

चि. वाचकास अनेक आशीर्वाद.

तू स्पष्ट उत्तर मागितले आहेस, म्हणून ते सर्वांत आधी देते. तुझ्या पत्रातील माहिती बरोबर असेल, तर तुझी उंची आता बहुतेक वाढणार नाही. ‘बहुतेक’ हा शब्द मी एवढ्यासाठीच राखून ठेवते, की तुला समोर बसवून मी तपासलेले नाही. तो शब्द काढून टाकायचा की ठेवायचा, हे डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक साधा एक्स-रे सांगू शकतो आणि तो तू या आठवड्यात काढावास, अशी माझी इच्छा आहे. तो कशासाठी काढायचा, हे नीट समजून घे, कारण दीड वर्ष तू ज्या आशेवर पहाटे साडेतीनला उठतो आहेस, तिचा निकाल त्या फिल्मवर लागणार आहे.

हाड मधूनच ताणल्यासारखे लांबत नाही. हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, एक पातळ थर असतो आणि उंची वाढते ती तेथे. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलाची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, तर हाडाच्या टोकावर छोटी टोपी ठेवावी आणि मध्ये काळी फट राहावी, तसे दिसते. वयात येताना शरीरात जी संप्रेरके वाढतात, ती आधी या थराला जोमाने वाढवतात आणि नंतर तीच त्याला कायमचे बंद करतात. मुलींमध्ये हे साधारण चौदा ते सोळाव्या वर्षी आणि मुलांमध्ये सोळा ते अठराव्या वर्षी घडते, काहींमध्ये एकोणीस-विसापर्यंत लांबते. फट बुजली की तिच्या जागी एक बारीक पांढरी रेघ उरते. ती रेघ उमटल्यावर कोणतेही औषध, व्यायाम किंवा आहार ते दार पुन्हा उघडू शकत नाही.

तू केळीच्या पट्ट्यातला आहेस, म्हणून तुला हे लवकर कळेल. केळीने घड निसवला, म्हणजे बाहेर टाकला, की त्या खोडाला पुढे नवे पान येत नाही आणि घडाला किती फण्या लागणार, हे तो बाहेर पडण्याआधीच खोडाच्या आत ठरून गेलेले असते. त्यानंतर दिलेल्या खतपाण्याने केळ भरते, घडाचे वजन वाढते, पण फणी एकही वाढत नाही. म्हणून निसवणीनंतरचे खतपाणी वाया गेले, असे कोणी शेतकरी म्हणत नाही. तुझ्या शरीराचेही तसेच आहे. हाडांचा भरीवपणा साधारण तिशीपर्यंत वाढतो आणि स्नायू व दम तर तू कमवशील तेवढा तुझा आहे.

उंची बारावीपासून जागची हललेली नाही, असे तू लिहिले आहेस आणि माझ्या दृष्टीने तुझ्या पत्रातील ती सर्वांत बोलकी ओळ आहे. दाढी-मिशी आलेली असेल, आवाज फुटलेला असेल आणि दोन वर्षे उंची तेवढीच असेल, तर एक्स-रे काय दाखवणार, याचा अंदाज मला आताच आहे. मात्र विसाव्या वर्षीही दाढीचा पत्ता नसेल किंवा आवाज लहान मुलासारखाच असेल, तर ती गोष्ट वेगळी. मग एक्स-रेवर थांबू नकोस, संप्रेरकांच्या तपासण्या करून घे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे केसपेपर काढून अस्थिरोग किंवा मेडिसिन विभागात दाखवलेस, तर पावडरीच्या एका डब्याच्या किमतीपेक्षा फार कमी खर्चात काम होईल.

आता एक हिशेब माझ्याबरोबर कर. मुलाच्या उंचीचा अंदाज बांधण्यासाठी बालरोगतज्ज्ञ वडिलांची आणि आईची उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन बेरीज करतात, तिच्यात १३ मिळवतात आणि आलेल्या संख्येचे निम्मे करतात. तुझ्या वडिलांचे १६०, आईचे १५०, वर १३, एकूण ३२३ आणि त्याचे निम्मे १६१.५. या आकड्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेआठ सेंटीमीटरपर्यंतचा फरक नेहमीचा मानला जातो. तू १६३.५ आहेस. म्हणजे तुझ्या घराच्या मापाने तू दोन सेंटीमीटर पुढे आहेस आणि ज्याला तू वर्षभर आपल्या शरीरातील उणीव समजत आलास, ती उणीव नाही. १६५ हा आकडा एका खात्याने एका नोकरीसाठी ठरवलेला आहे. त्याच धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचे जवान तुला रोज दिसत असतील, त्या दलाची अट १६८ आहे आणि वनरक्षकाला १६३ पुरतात. तुझे शरीर तेच राहते, दार बदलले की तू बुटका ठरतोस किंवा ठरत नाहीस.

कधी १६४च्या वर आणि कधी १६३, हा तुझा अनुभव खोटा नाही, पण त्याचा अर्थ तू चुकीचा लावला आहेस. मणक्यांच्या मध्ये ज्या गाद्या असतात, त्या दिवसभर शरीराचा भार वाहताना दबतात आणि रात्री आडवे झाल्यावर पाणी शोषून पुन्हा फुगतात. म्हणून प्रत्येक माणूस सकाळी उठतो तेव्हा संध्याकाळपेक्षा एक ते दोन सेंटीमीटर उंच असतो आणि त्यातील बरीच उंची उठल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांतच उतरते. बारला लटकल्याने याच गाद्या थोडा वेळ सैलावतात आणि खाली उतरून चालू लागलास की पूर्ववत होतात. लटकण्याने खांदे आणि पकड मजबूत होते, तेवढ्यासाठी लटकायचे असेल तर जरूर लटक, पण त्यासाठी साडेतीनला उठू नकोस. पाच तासांच्या झोपेवर १६०० मीटरची वेळ सुधारत नाही, हे तुझ्या प्रशिक्षकांनीही तुला सांगितले असेल.

म्हणून मोजायचे तर एकदाच नीट मोजू. अकॅडमीच्या भिंतीवर रंगवलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नकोस. रुग्णालयातील उभ्या मोजपट्टीवर अनवाणी उभा राहा. टाचा, नितंब आणि पाठ टेकलेली हवी, गुडघे सरळ हवेत, हनुवटी वर उचललेली नको, नजर समोर हवी आणि डोळ्याची खालची कड व कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत हवे. पोक काढून उभे राहण्याची सवय असेल, तर सरळ उभे राहायला शिकल्यावर थोडा फरक पडतो आणि ती उंची तुझीच असते. तीन वेगवेगळ्या दिवशी उठल्यापासून तासाभराच्या आत मोज आणि आकडे तारखेसह लिही. तिन्ही दिवशी १६५ भरले, तर भरतीला अवश्य जा, आदल्या रात्री पूर्ण झोप घे आणि मोजणीआधी विनाकारण उभा राहू नकोस. यात फसवणूक काही नाही. पण तिन्ही दिवशी १६४च्या आसपासच भरले, तर मैदानावर उंची आधी मोजतात आणि त्यात बसला नाहीस, तर तुझी धाव आणि तुझा गोळा कोणी पाहणारच नाही, हे मान्य करून पुढचा विचार कर. जाहिरातीतील सवलतींचे कलम तेवढे एकदा नीट वाचून घे, कारण काही घटकांसाठी उंचीच्या अटी शिथिल असतात.

पावडरींबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. तुझ्यावर नाही, विकणाऱ्यांवर आहे. आपल्या देशाच्या १९४५च्या औषध नियमांमध्ये ‘जे’ नावाचे एक परिशिष्ट आहे. ज्या गोष्टींवर उपाय असल्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही, त्यांची ती यादी आहे आणि उंची वाढवणे तिच्यात स्पष्ट नोंदलेले आहे. तरीही अकॅडम्यांच्या आसपास हे डबे विकले जातात, कारण अठरा-वीस वर्षांच्या मुलाची गरज विकणाऱ्याला पक्की ठाऊक असते. डब्यात दुधाची भुकटी आणि साखर असेल, तर फक्त पैसे गेले म्हणायचे. लेबल नसलेल्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असेल, तर भूक वाढते, अंग भरल्यासारखे दिसते आणि मुलाला वाटते की गुण येतो आहे. वाढत्या वयात स्टेरॉइडने उलट हाडांची वाढ खुंटते. उरलेल्या गोळ्या आणि डबे घेऊन रुग्णालयात जा, डॉक्टरांना दाखव आणि आजपासून त्यातले काही घेऊ नकोस. मात्र दीर्घकाळ स्टेरॉइड पोटात गेल्याची शंका असेल, तर बंद कसे करायचे, हेही त्यांनाच विचार, कारण ते अचानक थांबवण्यातही धोका असतो. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते आणि तुझ्यानंतर येणाऱ्या मुलांसाठी ती करावीस, असे मला वाटते.

इंजेक्शनाचे उत्तर थोडक्यात देते. वाढीचे संप्रेरक हे खरे औषध आहे, पण ते मुख्यतः ज्या मुलांमध्ये कमी असते त्यांना, हाडांचे थर उघडे असताना, नियमितपणे आणि वर्षानुवर्षे द्यावे लागते. थर मिटल्यावर ते घेतले, तर उंची वाढत नाही, जबडा, हात आणि पाय जाड होतात, रक्तातील साखर वाढते आणि हृदयावरही परिणाम होतो. ऑपरेशनाची पद्धत सोव्हिएत रशियातील गाव्रिल इलिझारोव यांनी मोडलेली, वाकडी आणि आखूड हाडे दुरुस्त करण्यासाठी विकसित केली. त्यात हाड कापून दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने दोन्ही तुकडे दूर नेतात आणि मधली जागा नव्या हाडाने भरून घट्ट व्हायला अनेक महिने लागतात. ज्यांचा एक पाय आखूड आहे, त्यांच्यासाठी ते वरदान आहे. पळण्यावर ज्याची नोकरी अवलंबून आहे, त्याने दीड सेंटीमीटरसाठी निरोगी पाय कापून घेऊ नयेत. जंतुसंसर्ग, नसांना इजा आणि सांधे आखडणे हे त्यातील नेहमीचे धोके आहेत.

तुझी तयारी वाया गेली, असे समजू नकोस. वनरक्षक भरतीत पुरुषांसाठी १६३ सेंटीमीटर उंची लागते, अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी त्याहून बरीच कमी. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. तू कला शाखेत भूगोल घेतला असशील, तर दार उघडे आहे. तेथे पुरुषांना ५ किलोमीटर पळायचे असते, म्हणजे १६०० मीटरचा सराव वाढवायला तुला आतापासून वेळ आहे. सातपुड्यातले यावल अभयारण्य तुझ्या घरापासून दूर नाही आणि त्या डोंगराची माहिती असलेल्या मुलांची त्या खात्याला गरज आहे. नौदलाच्या अग्निवीर भरतीत १५७ सेंटीमीटर पुरतात, मात्र तिची वयोमर्यादा तुझ्या फार जवळ आली आहे. महसूल आणि ग्रामपंचायतीच्या पदांना उंचीची अटच नाही. अटी बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची मूळ जाहिरात स्वतः वाच, रूममेटच्या तोंडून ऐकू नकोस.

आता तुझ्या बहिणीबद्दल. पत्रात तू तिला एका वाक्यात उरकले आहेस, पण ते वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवले आणि थोडा वेळ तशीच बसले. तुझ्या हाडांचे थर बहुधा मिटले आहेत. तिचे अजून उघडे आहेत.

मी नवी डॉक्टर असताना एका ग्रामीण रुग्णालयात होते. एक आई तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. त्याने धाकट्या भावाचा सदरा घातला होता आणि तो त्याला खांद्यांत सैल होता. ‘वाढतच नाही,’ असे ती म्हणाली. बाहेर रांग होती. मी त्याची छाती तपासली, टॉनिक लिहून दिले आणि वयात आला की वाढेल, असे सांगितले. त्याची उंची मी मोजली नाही आणि कागदावर लिहिलीही नाही. चार वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी त्याची थायरॉइडची तपासणी केली, रोज एक लहान गोळी सुरू केली आणि तो वाढू लागला, पण गेलेली चार वर्षे पुरती भरून निघाली नाहीत. त्या दिवसापासून माझ्याकडे सर्दीसाठी आलेल्या मुलाचीही उंची मी मोजत आले.

म्हणून बहिणीची उंची घराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारून तारखेसह नोंदव आणि दर सहा महिन्यांनी नवी रेघ मार. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटीमीटर वाढते. वर्षात चारही वाढले नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवे. थायरॉइड, रक्तक्षय, गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा आतड्यांचा आजार, मूत्रपिंडाचे विकार, सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल, अशी कारणे वेळेत सापडली, तर त्यांवर उपचार होतात. मुलींची वेगाची वाढ पाळी सुरू होण्याच्या आधी होते आणि पाळी सुरू झाल्यानंतर सरासरी पाच ते सात सेंटीमीटरच उरलेले असतात, त्यामुळे तिचे हे वर्ष मोलाचे आहे.

तोच हिशेब मुलींसाठी करताना १३ मिळवण्याऐवजी वजा करतात. तिचे १४८.५ येतात. महिला पोलीस शिपायाला १५५ लागतात. ते नेहमीच्या फरकाच्या आत आहे, पण वरच्या बाजूला आहे आणि तिला आतापासून त्या एकाच आकड्याला बांधून घालू नकोस, तुझे काय झाले ते तू पाहतोच आहेस. मात्र हा हिशेब आई-वडिलांना लहानपणी पोटभर मिळाले होते, असे गृहीत धरतो. तुमच्या आजी-आजोबांनी १९७२चा दुष्काळ काढला आहे आणि कोरडवाहू घरात त्यानंतरही हात आखडताच राहिला असेल. ज्यांची वाढ त्यामुळे राहून गेली, त्यांची मुले नीट खायला मिळाल्यास त्यांच्यापेक्षा उंच होतात. तेव्हा जे सात-आठशे रुपये महिन्याला डब्यांवर जात होते, त्यांतून तिला रोज एक अंडे आणि पेलाभर दूध मिळू दे. घरची कळण्याची भाकरी, उडदाचे किंवा तुरीचे वरण, मूठभर शेंगदाणे, मेथी आणि वर लिंबू, यापेक्षा चांगला डबा कोणत्याही दुकानात नाही. जेवणाबरोबर चहा नको, कारण त्याने लोह अंगी लागत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी ती टाकून तर देत नाही ना, हे विचार. मुली बऱ्याचदा मळमळते म्हणून टाकतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो.

वडिलांना पैशांचे खरे सांग. मेसचे पैसे कुठे गेले, हे त्यांना कधी ना कधी कळेलच आणि ते तुझ्याकडून कळले, तर त्यांना कमी लागेल. मुलगा आखाजीला घरी आला नाही, याचे कारण त्यांनी आपल्या मनाने काय लावले असेल, याचा तू विचार केला नसशील. गिड्डा म्हणणाऱ्या मुलांना एकदा शांतपणे नावाने हाक मारायला सांग, त्यांच्यातले दोघे तरी ऐकतील. आणि रात्री झोप लागेनाशी झाली, जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच वेळी १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर. तो मोफत आहे, मराठीत बोलता येते आणि रात्रीही कोणीतरी उचलते.

शनिवारी एक्स-रे काढून घे आणि रविवारी घरी जा. बहिणीला चौकटीशी उभी करताना तिची हनुवटी वर जाऊ देऊ नकोस आणि रेघ मारताना डोक्यावर पुस्तक आडवे धर, म्हणजे माप चुकणार नाही. तुझे तीन दिवसांचे आकडे आणि तिची पहिली रेघ, दोन्ही मला कळव.